तिसरा दगड

आजारी बाबांनी सुदेशकडे आठवडाभर एकच मागणं लावलं होतं, "माजी दाढी कर रे." "फाल्या करतंय," म्हणत रोज उद्यावर ढकलून तो सलून उघडायला जायचा. जन्मभर गावाची दाढी केलेले बाबा वाढल्या दाढीनेच चितेवर गेले.

महिन्याने त्यांच्या वस्तऱ्यासाठी धारेचा दगड निवडायला तो कट्टा गावच्या बाजारात आला. पहिल्या दगडावर पाणी शिंपडून त्याने पातं फिरवलं, तर दगडावर दाढीचे पांढरे खुंट जमले.

"वस्तरो धुवन तरी हाडूचो रे," दुकानदार म्हणाला.

सुदेशने तो सकाळीच दोनदा धुतला होता. मान खाली घालून त्याने पातं पुसलं. दुसऱ्या दगडावरही तेच झालं.

तिसरा दगड हाताला कोमट लागला. पातं टेकताच, दाढीला बसलेला माणूस गाल फुगवतो तसा, दगड हळूच फुगला.