उतरवलेला कंदील

त्रिपुरी पौर्णिमा झाली की अकोल्यातल्या त्या अपार्टमेंटमधले आकाशकंदील तनवीर वायरमन उतरवायचा. तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या मनकर्णाबाईंनी यंदा त्याला दारातच अडवलं.

"राहू दे रे बापा, तेवढा कंदील."

"सोसायटीचा नियम आहे, मावशी. मी काय करू?"

कलत्या उन्हात त्यानं गॅलरीतला कंदील काढून पिशवीत घातला. भिंतीवरची कंदिलाची सावली मात्र तशीच झुलत राहिली. वर नुसता हूक होता.

"मावशी, हे काय होय?"

"म्हणून म्हनलं होतं तुले, राहू दे." मनकर्णाबाई भिंतीकडे न बघता घरात सरकल्या.

गॅलरीत आता तनवीर एकटाच होता, पण भिंतीवर माणसांच्या सावल्या दोन होत्या.

दुसरीनं हात पुढे केला आणि त्याच्या सावलीचं मनगट धरलं.

तनवीरच्या मनगटावर गार बोटं आवळली.