कच्चा साबण

कॅन्सरच्या औषधांनी तोताराम आबांची कातडी सोलून निघाली, तसा दुकानातला कुठलाच साबण त्यांना सोसेना. म्हणून सुनेने, मेघाने, तिळाचं आणि एरंडीचं तेल घेऊन घरीच साबण केला आणि वड्या पाडून फळीवर वाळत ठेवल्या.

"झाला का वं साबन?" आबा खाटेवरून रोज विचारायचे. केळीच्या चिकाने माखलेलं अंग खसखसून धुतल्याशिवाय जन्मात कधी घोटभर चहा घेतला नाही असा माणूस. एकदा, फक्त एकदा, त्यांना अंगभर फेस करून आंघोळ करायची होती.

"महिनाभर वाळू द्या, आबा. कच्चा लावला तर आग आग होईल."

आबा भिंतीकडे तोंड करून पडायचे.

आज सकाळी अंगणात पाणी तापलं. भाऊबंद जमले होते. मेघाच्या सासूबाई भिकुबाई आत आल्या आणि त्यांनी फळीवरची एक वडी उचलली.

"आई, अजून कच्चा आहे तो. झोंबेल आबांना," मेघा सवयीने बोलून गेली.

भिकुबाईंनी वडी पदराने पुसली.

"आता काहीच नाही झोंबत वं त्याहिले."