उद्याचे कॅन

वरोऱ्यात उन्हाचा अंदाज आता माणसागणिक निघे. उद्या जितकी माणसं जगणार, तितक्यांचंच पाणी आदल्या दिवशी घरपोच येई.

पाणीवाल्याने कांताच्या दारात तीन कॅन ठेवले.

“भाऊ, आम्ही चौघं आहोत.”

“उद्या तिघं, ताई. पारा पन्नासवर जाणार आहे.”

“चुकला असेल अंदाज.”

“आजवर तरी चुकला नाही.”

आत नवरा तापाने फणफणलेल्या पोराचं अंग ओल्या पंच्याने पुसत होता. खाटेवरून सासरे हसले. “सूनबाई, हुज्जत कायले घालतं वं? मी गेलो म्हंजे कूलरसमोरची जागा तरी मोकळी होईन.”

पाणीवाला हसला नाही.

“बाबाजी, लहान मुलाचा कॅन अर्ध्या मापाचा असतो,” तो म्हणाला. “हे तिन्ही मोठ्यांचे आहेत.”