उसनं लेकरू

"घट्ट धर गं तिला," म्हणत दसरीने आपली दीड वर्षांची मुलगी शेजारच्या जैनीच्या कडेवर दिली.

नाक्यावरचे शिपाई लेकुरवाळ्या बायांना सोडून देत. एकट्या पोरीला मात्र झडतीच्या नावाखाली तंबूत नेत. म्हणून बाजाराला जाणारी प्रत्येक पोरगी दसरीचं लेकरू मागून नेई. वर्दी दिसली की गळ्याला मिठी मारून "आई" म्हणायचं, हे त्याला पढवलेलं होतं. एरवी त्याने दसरीलाही कधी आई म्हटलं नव्हतं.

आज अंगणातून रस्त्यापर्यंत दसरीच्या खेपा थांबत नव्हत्या. अखेर "सोडलं गं बाई!" म्हणत जैनी परतली.

लेकीला उचलून घेऊन दसरी घराकडे वळली. लेकीने तिच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं, गळ्याला मिठी मारली आणि म्हणाली, "आई."

मागे वळून पाहायचा दसरीला धीर होईना.