मोहरीची उशी

पिंपरीत औषधाचा कारखाना उभा राहत होता, त्या सालची गोष्ट. रहाटणीच्या पुतळाबाईंची सून हौसा चिंचवडच्या दवाखान्यात सातव्या महिन्यातच बाळंत झाली. पोर मुठीएवढं, कापसात गुंडाळून, दोन्ही अंगांना गरम पाण्याच्या बाटल्या लावून ठेवलेलं. नर्सबाई त्याला थेंबथेंब दूध पाजायची आणि लगेच उजव्या कुशीवर निजवायची. "दूध उलटलं तर श्वासात जाईल," एवढंच सांगून निघून जायची.

पुतळाबाईंना ती बाई पहिल्या दिवसापासूनच खटकली. आधीचे दोन नातू बारशाआधीच गेले होते. हा तिसरा कुणाच्या हाती सोडायचा नाही, म्हणून त्या खाटेशी ठाण मांडून बसल्या. नर्सची पाठ वळली, की पोराला उताणं करायच्या आणि डोकं गोल व्हावं म्हणून घरची मोहरीची उशी खाली सरकवायच्या. पण जरा चूळ भरून परत यावं, तर पोर पुन्हा कुशीवर आणि उशी पायथ्याशी!

चौथ्या दिवशी दुपारी त्यांनी नर्सला अडवलंच. "माझ्यामागं चोरून येऊन पोराला कशापायी हात लावतीस गं?"

"आजी, मी फक्त दूध पाजायला येते. मधे कशाला येऊ?"

पाच वर्षांत सासूपुढे कधी मान वर न केलेली हौसा खाटेवर उठून बसली.



"मीच वळविते त्याला, आत्याबाई. पयली दोघं दूध पिऊन ह्याच उशीवर उताणी निजली, ती उठलीच न्हाईत."