बॉनेटवरचा खडा

भाजे गावात, विसापूर गडाच्या पायथ्याशी, सावित्राबाईंच्या अंगणात गाडी लावून कर्णिक एकटेच निघाले, तोच म्हातारीने बॉनेटवर एक खडा ठेवला. कर्णिकांच्या मनात पाल चुकचुकली. ही चोरांना खूण तर नव्हे? तिची पाठ वळताच त्यांनी खडा भिरकावला. गड चढतानाही जीव गाडीतच अडकलेला. दुपारी परतले, तर काचा शाबूत, पण खडा पुन्हा जागेवर! "मावशी, ही खूण कुणासाठी?" त्यांनी दरडावून विचारलं. "माज्यासाठी. जेवडी मानसं वर जात्यात, तेवडं खडं ठेवते. उतरली की उचलते." तिने खडा उचलून टोपलीत टाकला. कर्णिकांना काही ते पटलं नाही. ओट्याच्या कोपऱ्यात आणखी एक खडा होता. "मग ह्याची गाडी कुठे गायब झाली?" "मागल्या पावसाळ्यात पोलिसांनी नेली," ती म्हणाली. "मानूस अजून उतरला न्हाई. मग खडा कसा उचलू?"