जीवितहानी

एका कंपनीला वरोर गावाच्या समुद्रात भराव घालायचा होता, म्हणून शाळेच्या हॉलमध्ये गावाची सुनावणी लावली होती. कंपनीचे तज्ज्ञ जतीन साहेब यांनी मोठ्या पडद्यावर संगणकात तयार केलेले दोन हजार मासे दाखवले.

"हे नुसतं चित्र नाही," ते म्हणाले. "हे मासे स्वतः खाणं शोधतात, अंडी घालतात, म्हातारे होऊन मरतात. म्हणजे जिवंतच आहेत! आम्ही यांच्या समुद्रात भराव टाकला, तरी ते मजेत जगले. मग तुमचे का नाही जगणार?"

बोंबील सुकवून घर चालवणारी वेणू ताडकन उठली.

"तुम्ही चाचणीसाठी खोदकाम केलंत, तेव्हा किनाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच पडला होता. आमच्या वाळवणाच्या दांड्या अजून रिकाम्या आहेत. ते मासे कुठं लिहिलेत?"

"मावशी, ते आमच्या अहवालाच्या कक्षेत येत नाहीत."

वेणू तरातरा भिंतीपाशी गेली आणि तिने संगणकाचा प्लगच उपटला. पडदा काळा पडला.

"अहो, काय केलंत हे!" साहेब ओरडले.

"तुमचे दोन हजार जीव मारले. लिहा माझ्या नावावर! बोलवा पोलिसांना!"

नोंदी घेणाऱ्या कारकुनाने पेन थांबवून साहेबांकडे पाहिलं.

साहेब चिडून म्हणाले, "लिही, सभेत दोन मिनिटं वीज बंद. जीवितहानी नाही."